लग्न दोन महिन्यांवर आहे, नाकावरचा उंचवटा ऑपरेशन करून काढून घेऊ का?

लग्नाआधी नको. मी स्वतः २६व्या वर्षी राइनोप्लास्टी, म्हणजे नाकाचा आकार बदलण्याचं ऑपरेशन, करून घेतली आहे आणि मला पश्चात्ताप नाही, तरीही हेच सांगेन.

उंचवटा काढताना हाड आणि कूर्चा (नाकातला लवचिक, हाडासारखा भाग) तासतात. मग वरचा भाग सपाट दिसू नये म्हणून बहुतेक वेळा दोन्ही बाजूंची हाडं मुद्दाम तोडून आत सरकवतात. एवढं झाल्यावर नाक सुजणारच. माझी कडक पट्टी सातव्या दिवशी निघाली आणि आरसा बघून मी रडले. नाक वांग्यासारखं, शेंडा वर ओढलेला, डोळ्यांखाली काळंनिळं. काळंनिळं दोन आठवड्यांत गेलं, पण शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागलं. तुमच्या लग्नाच्या फोटोत धड जुनं नाक नसेल, धड नवं. शिवाय महिना-दीड महिना नाकावर चष्मासुद्धा टेकवायचा नसतो, धक्का लागू द्यायचा नसतो. लग्नघरातल्या गर्दीत हे कसं सांभाळणार?

तुम्ही श्वासाबद्दल काहीच लिहिलं नाही, मला मात्र त्याचीच जास्त काळजी वाटते. पहिल्या भेटीत माझ्या डॉक्टरांनी थंड स्टीलची पट्टी नाकाखाली धरून श्वास सोडायला सांगितला. उजवीकडे वाफेचा मोठा ठसा उमटला, डावीकडे जेमतेम रुपयाएवढा. दोन नाकपुड्यांमधला आतला पडदा वाकडा होता, मला पत्ताच नव्हता! नाक बारीक करताना हवेची वाटही अरुंद होऊ शकते. म्हणून त्यांनी त्याच ऑपरेशनमध्ये पडदा सरळ केला आणि त्यातून निघालेली कूर्चा शेंड्याच्या आधाराला लावली. तुमचीही ही तपासणी आधी करून घ्या.

डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी घेतलेले असोत, नाहीतर नाकाचीच कामं नेहमी करणारे ईएनटी (कान-नाक-घशाचे डॉक्टर). त्यांच्याकडे पेशंटचे वर्षानंतरचे फोटो मागा, महिन्याभराचे नकोत. दुरुस्तीचं ऑपरेशन लागलं तर खर्च कोणाचा, तेही विचारा. ते काही जणांना लागतं आणि त्यासाठीही साधारण वर्षभर थांबावं लागतं.

आणि होणाऱ्या सासूबाई "नाक जरा सरळ असतं तर" असं म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय, ते वाचून वाईट वाटलं. माझ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, "हे नाक तुम्हाला कधीपासून खुपतंय?" मी म्हणाले, आठवीपासून. तुमचं उत्तर "साखरपुड्यापासून" असेल, तर अजून तारीख घेऊ नका.