फुकटचं नाणं आणि कुरियरचे नव्याण्णव रुपये

सध्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तोच गोंधळ फिरून फिरून येतो आहे: मोबाईलवर दिसलेलं जुनं नाणं, तेही फुकट. तेव्हा आज बाकीची पत्रं बाजूला ठेवली आहेत.

म्हापसा : वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख मिळतात, हे खरं का?

नाही. पाच रुपये मिळतात.

फोंडा : ‘पोर्तुगीज अमदानीतली चांदीची रुपिया मोफत, फक्त कुरियरचे 99 रुपये’ अशी जाहिरात आली आहे. 99 रुपयेच तर जातील, मागवू का?

या ‘99 रुपयेच तर’मुळेच हा धंदा चालतो. 1881 ची रुपिया, राजा लुईसचा मुखवटा असलेली, 11.66 ग्रॅमची आहे आणि बहुतांश चांदीचीच. नुसती आटवली तरी 99 रुपयांच्या कितीतरी पट भरेल. ती अनोळखी माणूस तुम्हाला फुकट का देईल? घरी येतं ते चांदीचा मुलामा दिलेलं काहीतरी. चुंबकाला चिकटलं तर खोटं, हे नक्की. नाही चिकटलं म्हणून खरं ठरत नाही. पितळही चिकटत नाही.

पण नकली नाणं ही यातली सर्वांत स्वस्त फसवणूक. त्या लिंकवर तुम्ही नाव, पत्ता, फोन आणि कार्डाचा नंबर भरता. विक्रीचा माल तोच आहे. कधी ‘पार्सल कुठे पोचलं ते बघा’ म्हणून एपीके फाइल (फोनवर ॲप चढवणारी) धाडतात. ती उघडली की तुमचे ओटीपी तिकडे वाचले जातात. कधी एकाऐवजी पाच नाणी येतात, सोबत चिठ्ठी : ‘पसंत नसल्यास आठ दिवसांत परत करा, नाहीतर बिल लागू.’ न मागवलेल्या मालाचं बिल भरू नका. आणि ‘पैसे परत मिळवण्यासाठी’ यूपीआयचा पिन टाका म्हणाले, तर तिथंच फोन ठेवा. पैसे घेताना पिन लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा. कार्डाचा नंबर आधीच दिला असेल, तर आजच बँकेत जाऊन कार्ड बंद करून घ्या.

डिचोली : ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं राम-सीतेचं तांब्याचं नाणं भेट म्हणून देतायत. दुर्मीळ असतं ना?

कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. देवाला वाहायचा टोकन आहे तो. देव्हाऱ्यात ठेवा, विमा उतरवू नका.

मडगाव : आजीच्या पेटाऱ्यात 1959 चं सहा एस्कुदोचं (पोर्तुगीज चलनातलं) नाणं होतं. एकाने तीन लाख देऊ केले. ‘फाइल चार्ज’ भरला, मग जीएसटी, आता रिझर्व्ह बँकेच्या ना-हरकतीचे मागतो. तीन आठवडे झाले. थांबू का?

तीन आठवडे! भाऊ, हे वाचून होताच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा आणि चॅट व पावत्या घेऊन पोलिसांत जा. पैसे पहिल्या काही तासांत अडवता येतात. पुढे ते खात्या-खात्यांतून पांगतात. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही आणि त्यासाठी शुल्क-कमिशन मागत नाही, हे तिने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं आहे. तुमचं नाणं तांबं-निकेलचं, चांदी नाही. 1961 पर्यंत बाजारात चालायचं, त्यामुळे गोव्यात पुष्कळ घरांत सापडतं. विकत घेणारा माणूस पैसे देतो, मागत नाही.

सत्तरी : कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) खणताना मडक्यात तांब्याची नाणी मिळाली. व्हॉट्सॲपवर फोटो टाकू? आणि चिंचेने घासू का?

दोन्ही नको. सत्तरीतच 2023 मध्ये काजूच्या बागायतीत अशी नाणी सापडली होती. मडकं जसं आहे तसं ठेवा आणि मामलेदाराला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. शंभर वर्षांवरचं नाणं ही कायद्याने पुरावस्तू. परस्पर देशाबाहेर धाडणं गुन्हा आहे. चिंचेने घासलं तर अक्षरंही जातात आणि किंमतही.

पेडणे : फोटो पाठवतो, किंमत सांगाल?

नाही. वजन, कड आणि धातू फोटोत दिसत नाहीत. नाणं घेऊन जाणकाराकडे जा, एकाचं ऐकून विकू नका, आणखी एकाला दाखवा.