ग्रंथालयांवरचे संशोधन कसे वाढले, आणि कोकणातल्या लहान ग्रंथालयात काय मोजता येईल

ताई, आपण सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात ग्रंथपाल आहात, पीएच.डी.साठी नाव नोंदवण्याच्या तयारीत आहात, आणि मार्गदर्शकांनी "पाच महाविद्यालयांत प्रश्नावली फिरवा आणि वाचकांचे समाधान मोजा" असा विषय सुचवला आहे. ग्रंथालयांवरचे आणि वैज्ञानिक माहितीसेवांवरचे संशोधन पहिल्यापासून असेच होते का, आणि लहान ग्रंथालयात बसून वेगळे काही करता येईल का, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात शेती आणि फळसंशोधनाशी निगडित ग्रंथालयात नोकरीची सगळी वर्षे काढून निवृत्त झालो. त्या अनुभवावर विसंबून लिहितो. उत्तर थोडे लांबेल.

मुळात ते असे नव्हते. या विषयातली जी कामे आजही पुनःपुन्हा उल्लेखिली जातात, त्यांतली बरीचशी टेबलावर अडलेल्या एखाद्या निर्णयातून निघाली आहेत. १९२७ साली अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजमधल्या ग्रॉस आणि ग्रॉस यांच्यापुढे प्रश्न अगदी आपल्यासारखाच होता: पैसे थोडे, जागा थोडी, मग रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यायची? त्यांनी मते मागवली नाहीत. रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातल्या लेखांखालचे संदर्भ घेऊन कोणत्या नियतकालिकाचे नाव किती वेळा येते ते मोजले. उद्धरणे मोजून निर्णय घेण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिची सुरुवात एका लहान महाविद्यालयाच्या खरेदीच्या यादीत आहे, हे आपल्या मार्गदर्शकांना अवश्य सांगा.

त्यानंतरचे नाव ब्रॅडफर्ड यांचे. लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की लेखांचे सारांश छापणाऱ्या नियतकालिकांतून उपयुक्त लेख मोठ्या प्रमाणावर निसटतात, कारण एका विषयावरचे लेख त्याच विषयाच्या नियतकालिकांत राहत नाहीत, भलत्याच ठिकाणी विखुरतात. १९३४ साली त्यांनी उपयोजित भूभौतिकीचे १,३३२ लेख घेऊन ते ३२६ नियतकालिकांत कसे पसरले आहेत ते मांडले. पहिल्या ९ नियतकालिकांत ४२९ लेख होते, पुढच्या ५९ मध्ये ४९९, आणि उरलेल्या २५८ मध्ये ४०४. म्हणजे प्रत्येक गटात साधारण तिसरा हिस्सा, पण तो मिळवण्यासाठी उपसावी लागणारी नियतकालिके दर टप्प्याला कितीतरी पटींनी वाढलेली. हापूसवर काम करणाऱ्या कोणालाही हे आकडे परके वाटणार नाहीत. आंब्याविषयीचे लेख फळबागशास्त्रापुरते नसतातच. तुडतुड्यांवरचे कीटकशास्त्रात, करप्यावरचे वनस्पतिरोगशास्त्रात आणि पिकवणीवरचे साठवणशास्त्रात जाऊन बसतात.

आपल्याकडे अर्थातच भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन. गणित शिकवणारा हा माणूस १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि सुरुवातीला इतका कंटाळला की परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागला. लंडनला शिकायला गेल्यावर तिथल्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना सुचले की विषयांचेही सुटे भाग करून ते हवे तसे जोडता येतील; त्यातूनच ग्रंथांची विषयवार मांडणी करण्याची १९३३ ची पद्धत, द्विबिंदू वर्गीकरण, आली. १९३१ साली मांडलेली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे आपण परीक्षेपुरती पाठ केली असतील. वाचकाचा वेळ वाचवा, हे चौथे सूत्र मात्र मला नेहमी मोजमापाचे सूत्र वाटत आले आहे, कारण वेळ मोजता येतो. समाधान मोजणे मोठे कठीण.

दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रीय लेखांचा पूर आला आणि ग्रंथालयांचा प्रश्न शास्त्रज्ञांचाही झाला. १९४८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने वैज्ञानिक माहितीवर परिषद भरवली. तिच्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ बर्नाल यांनी शास्त्रज्ञ नेमके काय, कसे आणि कशासाठी वाचतात याची प्राथमिक पाहणी केली होती. आपल्याकडे १९५२ साली युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत इन्सडॉक हे वैज्ञानिक लेखांचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले; हव्या त्या लेखाची प्रत मिळवून देणे आणि परभाषेतल्या लेखांची भाषांतरे करून देणे ही त्याची कामे होती, आणि १९६५ पासून भारतीय विज्ञानलेखांचे सारांशही तिथून निघू लागले. १९६२ साली रंगनाथन यांनी बंगळुरूला डीआरटीसी हे ग्रंथालय व माहितीशास्त्राचे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू केले. एवढा इतिहास कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून तो इथेच सोडतो.

ज्यावर थांबायला हवे ते क्रॅनफिल्ड. इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड इथल्या विमानविद्येच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल क्लेव्हरडन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस १८,००० लेख घेऊन ते चार वेगवेगळ्या पद्धतींनी अनुक्रमित केले, म्हणजे कोणता लेख कशावर याच्या शोधनोंदी केल्या, आणि मग प्रत्येक पद्धतीला तेच प्रश्न विचारले. पद्धतींचे पुरस्कर्ते वर्षानुवर्षे एकमेकांशी भांडत होते. प्रत्यक्षात चौघींच्या निकालांत फारसे अंतर पडले नाही. प्रश्न त्याच लेखांवरून रचल्याचा आक्षेप आला, तेव्हा त्यांनी १,४०० लेखांवर दुसरी चाचणी घेतली. तिच्यात तर तज्ज्ञांनी निगुतीने ठरवलेल्या विषयशीर्षकांपेक्षा लेखातलेच साधे सुटे शब्द सरस ठरले. तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या साहित्याची पत्रकांवरची यादी, करण्यात उमर घालवलेल्या आमच्यासारख्यांना हे झोंबणारे होते, पण मोजून दाखवल्यावर वाद उरत नाही. आज संगणकावरचे शोध चांगले की वाईट हे तपासण्याची जी रीत आहे, ती याच चाचण्यांची लेक.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी एका आंब्याने शिकवले. मे महिन्यात देवगडकडचे एक बागायतदार वर्तमानपत्राच्या कागदात कापलेल्या हापूसच्या फोडी बांधून घेऊन आले. फळ बाहेरून देखणे, साल निर्दोष. आत कोयीलगतचा गर मात्र पांढरट, स्पंजासारखा, आणि वास आंबूस. "साक्यावर तुमच्याकडे काय आहे?" एवढेच त्यांनी विचारले. संशोधक त्याला स्पॉन्जी टिश्यू म्हणतात हे मला ठाऊक असल्याने पाच मिनिटांत तीन अहवाल काढून दिले. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "काल आलो होतो तेव्हा काहीच नाही म्हणाले." काल टेबलावर नवा सहायक होता. त्याने तालिकेत 'साका' शोधले, ते पत्रक नव्हते, आणि त्याने प्रामाणिकपणे 'नाही' सांगितले. चूक त्याची नव्हती. चूक तालिका करणाऱ्याची, म्हणजे माझीच होती. त्या दिवसापासून मी शंभर पानी एक वही टेबलावर ठेवली आणि जो प्रश्न अडला तो वाचकाच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहायला सांगितले. पाहता पाहता तिच्यात मासळीची, किडींची आणि खतांची स्थानिक नावे इतकी जमली की पुढे त्यांची पत्रके वेगळी करून तालिकेत घालावी लागली. वहीत सहायकाचे अक्षर इतके वाईट होते की काही नोंदी आजही लागत नाहीत, ते असो.

आता प्रश्नावलीविषयी. मी तीही करून पाहिली आहे, एका संस्थेच्या मूल्यांकनासाठी. विद्यार्थ्यांनी भराभर 'अतिशय समाधानी'वर खुणा केल्या, कारण अर्ज गोळा करायला उभा असलेला माणूस उद्या त्यांना पुस्तक देणारा होता. त्याच आठवड्यात दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तर नव्या कपाटातली कितीतरी पुस्तके घेतल्यापासून एकदाही बाहेर गेलेली नव्हती. यात आपलीच लाज वाटण्याचे कारण नाही: पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत गेली नव्हती, असे निघाले. त्या अभ्यासावर टीकाही खूप झाली, विशेषतः ग्रंथालयातच बसून वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांवरून, आणि ती टीका वाचल्याशिवाय तो अभ्यास वाचू नये.

म्हणून माझा सल्ला असा की समाधान हा विषय सोडा आणि 'न सापडलेले प्रश्न' हा विषय घ्या. आपल्याकडे देवघेव आहे, अडलेले प्रश्न विचारणारे वाचक आहेत, आणि हाकेच्या अंतरावर वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीचे कृषी विद्यापीठही आहे. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेखाली सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. ग्रॉस आणि ग्रॉस यांचा 'काय घ्यायचे' हा प्रश्न त्यामुळे अशा संस्थांपुरता मागे पडतो आणि क्लेव्हरडन यांचा प्रश्न पुढे येतो: असलेले सापडते का? काजू, कोकम, नारळ, मासळी यांवरचे प्रश्न आपल्या वाचकांच्या तोंडच्या शब्दांत वर्षभर जमवा. तेच प्रश्न एकदा त्या शब्दांत आणि एकदा शास्त्रीय शब्दांत शोधा, आणि प्रत्येक वेळी कामाचे किती मिळाले हे विषय जाणणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाकडून, कोणता शोध कोणता हे न सांगता, तपासून घ्या. दोनशे प्रश्नही पुरेत. मार्गदर्शकांचा नमुन्याविषयीचा आक्षेप येईल. तेव्हा प्रश्न निवडले नाहीत, आले तसे सगळे घेतले, असे सांगता येईल, आणि ते खरेही असले पाहिजे.

वहीला रकाने पाचच ठेवा: तारीख, वाचक कोण (विद्यार्थी, शिक्षक, बागायतदार, इतर), प्रश्न त्याच्या शब्दांत, कुठे शोधले, मिळाले की नाही. नाव लिहू नका, म्हणजे लोक मोकळेपणी विचारतील. रोज संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी त्या दिवसाच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथांचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे, आणि आपले कॉलेज खाडीपासून फार लांब नाही असे आपणच लिहिले आहे.