टूरिंग बाइकवर जादा गेज बसवायचे आहेत. कोणते निवडावेत आणि काम स्वतः करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी लांबच्या प्रवासाची आहे, कंपनीच्या मीटरवर वेग, किलोमीटर, इंधन आणि चार दिवे एवढंच दिसतं, आणि फेअरिंगमध्ये (पुढच्या वारा अडवणाऱ्या कव्हरमध्ये) तीन गोल गेज मावतील एवढी जागा रिकामी आहे. तिथे काय बसवावं आणि काम घरी जमेल का, असा प्रश्न आहे.

काम घरी जमतं. मल्टिमीटर वापरता येत असेल आणि टाकी-फेअरिंग उतरवण्याची सवय असेल तर नक्कीच. पण जागा तीन गेजची आहे म्हणून तीन गेज घेऊ नका. प्रत्येक गेजसाठी आधी स्वतःला विचारा: चालत्या गाडीवर याचा काटा हलला तर मी काय करणार? ‘हीटेड ग्रिप बंद करीन’, ‘वेग कमी करीन’, ‘तिथल्या तिथे इंजिन बंद करीन’ यांपैकी काही उत्तर निघालं तर तो गेज कामाचा. उत्तरच सुचत नसेल तर ती जागा झाकण लावून बंद केलेली बरी.

या कसोटीवर माझ्या मते पहिला नंबर व्होल्टमीटरचा, आणि तोही बऱ्याच अंतराने. बहुतेक बाइकना चार्जिंगचा दिवा नसतोच. स्टेटर (इंजिनमध्ये वीज तयार करणारी कॉइल) किंवा रेग्युलेटर-रेक्टिफायर (त्या विजेचं व्होल्टेज आवरून ती बॅटरीला देणारा भाग) गेला तरी गाडी बॅटरीवर मुकाट चालत राहते आणि मग भलत्याच ठिकाणी बंद पडते. व्होल्टमीटर असेल तर हे बरंच आधी कळतं. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी नुसती बसून असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. गाडी रस्त्याच्या वेगात असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. क्रूझिंगला काटा १३ च्या खाली राहत असेल तर बॅटरीत भर पडण्याऐवजी ती रिकामी होत चालली आहे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर व्होल्टेज आवरत नाहीये आणि बॅटरी उकळायला लागेल. आयडलला, त्यातून रेडिएटरचा पंखा चालू असताना, आकडा खाली येणं बऱ्याच गाड्यांत नेहमीचंच असतं, त्याला घाबरू नका.

जुन्या होंडा गोल्डविंगवाल्यांना व्होल्टमीटरचं एवढं प्रेम का, ते समजून घेण्यासारखं आहे. १९८४ ते १९८७ च्या जीएल१२०० मध्ये स्टेटर इंजिनच्या मागच्या कव्हरच्या आत होता. तो बदलायचा तर अख्खं इंजिन फ्रेममधून खाली उतरवावं लागायचं. आणि स्टेटर जाण्याआधी बऱ्याचदा काय व्हायचं, तर त्याच्या तीन पिवळ्या वायरींचा प्लास्टिक कनेक्टर तापून वितळायचा. अशा वेळी व्होल्टमीटर रोजच्यापेक्षा जरा कमी दाखवायला लागतो. तेवढ्यात कनेक्टर उघडून पाहिला तर काम अर्ध्या तासात निपटतं, दुर्लक्ष केलं तर इंजिन उतरवण्याची पाळी येते. पुढे १९८८ च्या जीएल१५०० मध्ये होंडाने अल्टरनेटर (वीज तयार करणारा अख्खा भाग) इंजिनच्या बाहेर आणला.

टूरिंगला आपण गाडीवर विजेचं ओझंही चढवतो. ५५ वॉटचे दोन हॅलोजन फॉग लॅम्प म्हणजे ११० वॉट, सुमारे ८ अँपिअर. हीटेड जॅकेट ७५-९० वॉटचं धरलं तर आणखी साडेपाच ते साडेसहा अँपिअर. दोन्ही एकदम चालू ठेवून हळू चालवताना चार्जिंग पुरतंय की नाही, हे अंदाजाने कळत नाही. काटा बघायचा, १३ च्या खाली उतरला की एक काहीतरी बंद करायचं. बाजारात अँमीटरही मिळतात, पण त्यांच्यासाठी सगळा करंट गेजमधून फिरवावा लागतो किंवा शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठीचा अगदी कमी रेझिस्टन्सचा तुकडा, बसवावा लागतो. एवढा खटाटोप करण्यात मला अर्थ वाटत नाही.

व्होल्टमीटर बसवताना एक गोष्ट नीट करा. जवळ आहे म्हणून हेडलाइटच्या किंवा पार्किंगच्या वायरला जोडलात तर तो त्या वायरवरचं व्होल्टेज दाखवेल, बॅटरीचं नाही. जुने स्विच, जुने कनेक्टर आणि हेडलाइटचा करंट यांत अर्धा व्होल्ट सहज खाल्ला जातो, आणि १३.९ ऐवजी १३.४ बघून माणूस उगाच रेक्टिफायर बदलतो. त्यापेक्षा बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून छोट्या फ्यूजमधून वेगळी वायर काढा, मधे रिले (छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच) घाला आणि तो रिले इग्निशनबरोबर चालू होणाऱ्या वायरवरून, उदाहरणार्थ टेललाइटच्या, चालवा. अर्थची (निगेटिव्ह) वायरही थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर न्या. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा, कारण फ्यूजच्या अलीकडचा वायरचा तुकडा कुठे घासून उघडा पडला तर त्याला कुणी वाचवणारं नसतं.

दुसऱ्या जागेसाठी इंजिन कोणतं ते बघा. हवेवर थंड होणारं असेल तर ऑइल टेंपरेचर. प्रवासात ९० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलं तर निश्चिंत राहा. रोजच्या छोट्या फेऱ्यांत तेल तापतच नसेल तर त्यात साठलेला पाण्याचा अंश उडून जात नाही, हेही हा गेज सांगतो. १३५-१४० च्या पुढे सरकायला लागला की थांबायचं किंवा निदान गाडीला वारा लागेल असा वेग धरायचा. सेंडर (मोजमाप घेऊन गेजला पाठवणारा सेन्सर) ड्रेन प्लगच्या जागी बसवायचे किट मिळतात. पण ड्रेन प्लग इंजिनच्या सर्वांत खाली असतो, तिथे बाहेर डोकावणाऱ्या सेंडरला दगड लागला तर सगळं तेल रस्त्यावर. कच्च्या रस्त्याला जाणार असाल तर ही जागा टाळा. डिपस्टिकच्या डोक्यावर बसणारा थर्मामीटर स्वस्त आणि भरवशाचा असतो, फक्त तो थांबल्यावरच वाचता येतो.

लिक्विड-कूल्ड गाडी असेल तर कूलंटचा गेज घ्या. कंपनीचा तापमानाचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. मधल्या मोठ्या पट्ट्यात तो जागचा हलत नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. बाहेरच्या गेजचा सेंडर रेडिएटरच्या होजमध्ये ॲडॉप्टर घालून बसवतात. होजचा आतला व्यास मोजून घ्या. इथे बऱ्याच जणांना चकवणारी गोष्ट अशी: ॲडॉप्टर दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला असतो, म्हणजे त्याला अर्थ मिळतच नाही. एक वायरीचा सेंडर असेल तर ॲडॉप्टरच्या बॉडीवरून वेगळी अर्थची वायर काढावीच लागते. नाहीतर काटा मेल्यासारखा पडून राहतो आणि आपण गेजला दोष देतो. काम झाल्यावर सिस्टिममधली हवा नीट काढा.

आता ऑइल प्रेशर. दिसायला सर्वांत रुबाबदार आणि बसवायला सर्वांत नाजूक. मेकॅनिकल गेज, म्हणजे ज्यात तेलाची बारीक नळी थेट गेजपर्यंत येते, मी टूरिंग बाइकवर लावणार नाही. नळी फुटली तर गरम तेल तुमच्या अंगावर किंवा मागच्या टायरवर जाणार. इलेक्ट्रिक सेंडरचाच घ्या, आणि गेज व सेंडर जोडीनेच घ्या. युरोपियन पद्धतीचे सेंडर साधारण १० ते १८० ओहमचे असतात, प्रेशर वाढलं की ओहम वाढतात. अमेरिकन पद्धतीचे २४० ते ३३ चे, प्रेशर वाढलं की ओहम कमी होतात. जोडी चुकली तर आकडा नुसता थोडा इकडेतिकडे होत नाही, काटा उलटाच चालतो.

त्याहून महत्त्वाचे आटे. सेंडरवर लिहिलेलं असतं १/८ एनपीटी, किंवा १/८ बीएसपीटी, किंवा एम१० बाय १, ही आट्यांची अनुक्रमे अमेरिकन, ब्रिटिश आणि मेट्रिक मापं. तिन्ही साधारण दहा मिलिमीटरचे, टेबलावर शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीटीला २८. जपानी गाड्यांचे ऑइल प्रेशर स्विच बहुधा बीएसपीटीचे असतात, अमेरिकन सेंडर एनपीटीचे. चुकीचा सेंडर लावला तर तो हाताने दोन-तीन फेरे अगदी गोडीत आत जातो आणि मग अचानक अडतो. बरोबर असलेला निमुळता आटा हळूहळू घट्ट होत जातो, असा एकदम अडत नाही. अडल्याचं बोटांना जाणवलं की पाना हातात घ्यायचाच नाही. त्या क्षणी पाना लावला की ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे गेले समजा, आणि निमुळता आटा जास्त आवळला तर केसिंगला तडाही जातो. थ्रेड गेज नावाची पात्यांची जुडी मिळते, ती आट्यांवर धरून उजेडात बघितली की शंका राहत नाही. टेफ्लॉन टेप लावायचीच तर मोजकी, पहिले दोन आटे सोडून. टेपचा तुकडा ऑइलच्या वाटेत जाता कामा नये, आणि टेपच्या थरांमुळे सेंडरचा अर्थही तुटू शकतो.

कंपनीचा स्विच काढून त्या जागी सेंडर लावू नका. टी (तीन तोंडांचा जोड) घालून दोन्ही ठेवा, लाल दिवा तुमच्या नजरेपेक्षा जागरूक असतो. पण सेंडर वजनाला जड असतो. तो पितळी टीवर लटकत ठेवलात तर इंजिनच्या थरथरीने टी मानेत मोडतो. इंजिनला फक्त छोटी ब्रेडेड होज जोडा, टी आणि सेंडर फ्रेमवर क्लॅम्पने बसवा आणि दोघांच्या बॉडीला अर्थची वायर द्या.

हा गेज वाचायलाही शिकावं लागतं. थंड इंजिनवर प्रेशर भरपूर, तापल्यावर आयडलला कमी. हार्लेच्या मोठ्या व्ही-ट्विनसारख्या इंजिनांत क्रँकला रोलर बेअरिंग असतात, तिथे गरम आयडलला काटा तळाशी दिसणं स्वाभाविक आहे. प्लेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँक तेलाच्या थरावर फिरणाऱ्या, इंजिनात तोच आकडा चिंतेचा. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याशी तुलना करू नका. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किती आरपीएमला, किती तापमानाला किती प्रेशर हवं ते दिलेलं असतं, ते बघा. ब्रेक लावताना किंवा मोठ्या वळणावर काटा क्षणभर पडत असेल तर आधी तेलाची पातळी तपासा.

सिलिंडर हेड टेंपरेचरच्या गेजचा सेन्सर स्पार्क प्लगच्या वॉशरसारखा बसतो, थर्मोकपलवर (दोन वेगळ्या धातूंच्या वायरींच्या जोडावर) चालतो. त्याची वायर लांब झाली म्हणून कापू नका आणि साध्या तांब्याच्या वायरीने वाढवू नका, आकडा चुकतो. हवेच्या तापमानाचा घ्यायचा असेल तर सेन्सर इंजिनच्या गरम हवेपासून दूर, पुढे लावा. बर्फाळ भागात जाणाऱ्यांना तो हवाच, बाकीच्यांना नसला तरी चालेल. टायर प्रेशर मॉनिटर मात्र मी ऑइल प्रेशरच्या आधी घेईन. सामान आणि मागे माणूस असताना हळू हवा सुटणारं पंक्चर वेळेत कळणं फार मोलाचं आहे. व्हॉल्व्हवर स्क्रू होणारे सेन्सर घेणार असाल तर रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे लावा. वेगात सेन्सरच्या वजनाने रबरी व्हॉल्व्हची मान वाकते आणि चिरते.

डायल घेताना ५२ मिलिमीटर हे सर्वत्र मिळणारं माप आहे. पाणी-धूळरोधक म्हणजे आयपी६७ असेल तर उत्तम. एलसीडी असेल तर तुमचा पोलराइज्ड गॉगल घालून बघा, काही एलसीडी त्यातून काळे ठिक्कर दिसतात. व्होल्टला मला डिजिटल आवडतो, कारण तिथे ०.२ व्होल्टचा फरक अर्थाचा असतो. तापमान आणि प्रेशरला काटा. गोल गेज पॅनलमध्ये घट्ट करण्याआधी असे फिरवून घ्या की नेहमीच्या स्थितीत सगळे काटे सरळ वर उभे राहतील. मग आकडे वाचावे लागत नाहीत, एक काटा कलला की नजरेच्या कोपऱ्यातून कळतं.

वायरिंगमध्ये घाई करू नका. मूळ वायरीला चावा घेऊन जोडणाऱ्या निळ्या क्लिपा बाइकवर वापरू नका, ओल आत जाते आणि आतून तांबं हिरवं होतं. नीट क्रिंप केलेली थिंबलं आणि गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह वापरा. सोल्डर केलंत तर जोडाच्या कडेला वायर ताठ होते आणि थरथरीने तिथेच तुटते, म्हणून तिथे आधार द्या. हँडलवर गेज असेल तर हँडल दोन्ही टोकांना वळवून वायर कुठे ताणली जात नाही ना ते बघा. फेअरिंगमध्ये असेल तर एक मल्टिपिन कनेक्टर ठेवा, म्हणजे पुढच्या सर्व्हिसला फेअरिंग काढणाऱ्याला वायरी कापाव्या लागणार नाहीत. गाडीत कॅन-बस, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेलं वायरिंग, असेल तर मूळ वायरीतून काहीच खेचू नका. जादा करंट दिसला की काही गाड्यांचा कंट्रोलर ते सर्किटच बंद करतो. अशा गाडीत जादा सॉकेटसाठी कंपनीने दिलेली लाइन असेल तर रिले तिच्यावरून चालवा.

बसवून झाल्यावर तपासणी. व्होल्टमीटरचा आकडा बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून जुळवा. तापमानाचा सेंडर इंजिनमध्ये घालण्याआधीच गेजला जोडून, बॉडीला अर्थ देऊन, उकळत्या पाण्यात धरा: समुद्रसपाटीला १०० अंश, आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी. शेवटी किल्ली काढून मल्टिमीटर बॅटरीशी सिरीजमध्ये लावा आणि किती करंट गळतोय ते मोजा. घड्याळ किंवा मेमरी असलेला गेज २० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो, आणि १४ अँपिअर-अवरची बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत संपते. तेवढी गळती दिसली तर त्या गेजची कायम चालू राहणारी वायरही रिलेच्या पुढे जोडा. घड्याळ दर वेळी लावावं लागेल, पण गाडी स्टार्ट होईल.