मुलीला ४० पैकी ३५ गुण आहेत, तरी जिम पुन्हा लेव्हल चारच करायला लावत आहे; यूएसए जिम्नॅस्टिक्सकडे तक्रार करता येईल का?

तक्रार करता येईल, पण तिचा काही उपयोग होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. तुम्ही लिहिले आहे की मुलगी आठ वर्षांची आहे, स्टेट मीटमध्ये, म्हणजे राज्यस्तरीय स्पर्धेत, तिचे ऑल-अराउंड (सगळ्या साधनांची बेरीज) ३५ झाले, नियमपुस्तिकेतला आकडा तिने ओलांडला आहे आणि तरीही पुढच्या हंगामाच्या यादीत तिचे नाव लेव्हल चारच्याच गटात आहे. तुमचा संताप मला समजतो, परंतु तुम्ही तो चुकीच्या दारावर घेऊन निघाला आहात.

या लेव्हल ज्यात येतात त्या यूएसए जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या डेव्हलपमेंट प्रोग्राममध्ये, ज्याला जुने पालक अजून जेओच (ज्युनियर ऑलिंपिक) म्हणतात, वर जाण्यासाठी जो मोबिलिटी स्कोअर लागतो तो लेव्हलनुसार ४० पैकी ३२ किंवा ३४ अशा पातळीवरचा असतो, म्हणजे व्हॉल्ट, बार्स, बीम आणि फ्लोअर या चार साधनांवर सरासरी आठ ते साडेआठ गुण. एका अधिकृत मीटमध्ये तेवढे गुण झाले की महासंघाच्या लेखी प्रश्न मिटतो, आणि काही जिम तर हंगामाच्या सुरुवातीच्याच मीटमध्ये ते उरकून मुलीला पुढच्या लेव्हलला नेतात. हा उंबरठा मुद्दाम कमी ठेवलेला आहे, कारण त्याचा हेतू तयारी नसलेल्या मुलीला वर जाण्यापासून थांबवण्याचा आहे. तयारी झालेल्या मुलीला वर नेण्याचे बंधन तो कोणत्याही जिमवर घालत नाही. ३५ गुणांनी तुमच्या मुलीला पात्रता मिळाली, हक्क मिळाला नाही. कोणत्या लेव्हलला तिचे नाव द्यायचे हे तिचे क्लब ठरवते, आणि तुम्ही राज्य समितीला पत्र लिहिलेत तर तेथून हेच उत्तर अधिक सौम्य शब्दांत येईल.

तेव्हा भांडायचे असेल तर ते जिमच्या स्वतःच्या नियमाशी भांडा. असा नियम प्रत्येक जिमचा असतो. कोणी ३६ मागते, कोणी प्रत्येक साधनावर नऊ मागते, कोणी उंच बीमवर बॅक वॉकओव्हर (मागे वाकून हातांवरून एकेक पाय पलीकडे नेणे) दिसल्याशिवाय लेव्हल पाचचे नाव काढू देत नाही, आणि कोणी लेव्हल पाचच्या गटात जागा किती आहेत एवढेच पाहते. यांतल्या एकाही नियमाला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो नियम न सांगण्याला, आणि याविषयी मी इतके लांबलचक का लिहीत आहे ते पुढे कळेल.

आमच्या धाकटीचे लेव्हल चारचे पहिले वर्ष ३६च्या वर संपले. किप म्हणजे बारला लटकलेल्या झोक्यातून हातांच्या आधारावर बारवर येणे; ज्यांच्या घरात लेव्हल तीनची मुलगी आहे त्यांना ती फाटलेल्या तळहातांसकट माहीत असते. तिची किप त्या हंगामात एकाही मीटमध्ये अडली नव्हती. मग जूनमध्ये यादी लागली आणि ती पुन्हा लेव्हल चारमध्ये. कोचना विचारले तेव्हा उत्तर मिळाले की तिची किप अजून तयार नाही. मी विचारले, हात वाकतात का, की किपमधून कास्टमध्ये, म्हणजे बारवरून पाय मागे वर फेकण्यात, जाताना ती थांबते? त्यावर, एकंदरीत पाहता तयार नाही, एवढेच सांगण्यात आले. मुख्य प्रशिक्षकांना ईमेल केली, तर आम्ही संपूर्ण खेळाडू पाहतो आणि पालकांनी प्रक्रियेवर विश्वास ठेवावा, असे दोन ओळींचे उत्तर आले. आठवड्याला नऊ तास सराव, महिन्याला काही शे डॉलर फी, मीटचे शुल्क वेगळे, लिओटार्डचे वेगळे, आणि मुलीत नेमके काय कमी आहे हे सांगायला दोन ओळी.

दुसऱ्या वर्षी ती जवळजवळ प्रत्येक मीटमध्ये पोडियमच्या वरच्या पायरीवर उभी होती. खालच्या पायऱ्यांवर लहान क्लबांतून आलेल्या, पहिल्यांदाच लेव्हल चार करणाऱ्या मुली असत. सांघिक चषकासाठी प्रत्येक साधनावरचे सर्वोत्तम तीन गुण धरले जात, आणि आमच्या जिममध्ये पुन्हा लेव्हल चारला बसवलेल्या मुली नेमक्या त्याच होत्या ज्यांचे गुण त्या तिनांत येत. स्टेट मीटनंतर रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर नवीन बॅनर लागले, आणि त्याच बॅनरचा फोटो उन्हाळी वर्गांच्या जाहिरातीत आला. जिमचे भाडे टीमच्या मुलींच्या फीवर निघत नाही, ते शनिवारी सकाळी येणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गांवर निघते, आणि त्या मुलांचे पालक भिंतीवरची बॅनर्स पाहून नाव नोंदवतात. जिंकण्यासाठी मुलींना असे मुद्दाम खालच्या लेव्हलला ठेवण्याला येथे सर्रास सँडबॅगिंग म्हणतात, आणि माझ्या मते ते मुलीच्या बालपणातले एक वर्ष जाहिरातीसाठी वापरणे आहे. जिमच्या लोकांना हे वाक्य कठोर वाटेल, तसे वाटू द्या.

त्या वर्षात तिचे नुकसान काय झाले, हे पदके पाहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. लेव्हल पाचपर्यंत त्या त्या लेव्हलच्या सगळ्या मुलींची रुटीन (कसरतींचा ठरलेला क्रम) एकसारखी आणि फ्लोअरचे संगीतही एकच असते. ते ठाण्याला माझ्या आईला व्हिडिओ कॉलवरून पाठ झाले होते. सरावाचा वेळ बोटांची टोके आणि गुडघ्यांतला बारीक वाक सुधारण्यात जात होता, कारण ३६चे ३७ तिथेच होतात. फ्लोअरवर लेव्हल पाचला लागणारा बॅक टक, म्हणजे गुडघे छातीशी घेऊन हवेत मारलेली मागची कोलांटी, तिला त्या वर्षात जवळजवळ शिकवलाच गेला नाही. लेव्हल पुन्हा करण्याने मूल कंटाळते असे पालक म्हणतात, पण खरा प्रश्न कंटाळ्याचा नाही. पुन्हा त्याच लेव्हलला ठेवून जर वरच्या लेव्हलची कौशल्ये रोज शिकवली जात असतील, तर ते वर्ष अजिबात वाया जात नाही. आमचे गेले, कारण बॅनर कौशल्यांवर मिळत नाही, गुणांवर मिळते.

याच काळात गणपतीच्या जेवणाला माझे थोरले दीर आमच्याकडे आले होते. भाऊजी साताऱ्याच्या तालमीत मल्लखांबावर वाढलेले आहेत आणि आज साठीतही त्यांचे खांदे पाहून ते पटते. जिमला पाठवलेल्या ईमेलविषयी ऐकून ते म्हणाले, "अगं, वस्तादांना पुढचं कधी शिकवणार असं आम्ही कधी विचारलं का? गुरूला जाब विचारणाऱ्याच्या मुलाला विद्या येत नाही." पुढे त्यांनी दीपा कर्माकरचे उदाहरण दिले: आगरतळ्याची मुलगी, लहानपणापासून बिश्वेश्वर नंदी हेच प्रशिक्षक, आणि २०१६ला रिओमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी. त्या दिवशी घरात पाहुणे होते म्हणून मी वाद घातला नाही. आज घालते.

पहिली गोष्ट, दीपाचे वडील स्वतः भारोत्तोलनाचे प्रशिक्षक आहेत. त्या घराला प्रशिक्षण म्हणजे काय हे माहीत होते, आणि दुसऱ्या प्रशिक्षकाशी बरोबरीने बोलता येत होते. आम्ही नवरा-बायको संगणकासमोर बसून पोट भरणारी माणसे आहोत. आम्हाला विचारल्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही. दुसरी गोष्ट भाऊजींच्या तालमीचीच. साधी अढी, म्हणजे खांबाला घालायची पकड, पक्की झाल्याशिवाय वस्ताद पुढे जाऊ देत नसत, हे खरे; पण आपली अढी कच्ची आहे हे त्या पोराला ठाऊक असे, शेजारी उभ्या असलेल्या दहा पोरांनाही ठाऊक असे, आणि त्याला खाली ठेवण्यात वस्तादांचा एका पैचा फायदा नसे. तेथे न विचारता उत्तर मिळत होते म्हणून विचारण्याची वेळ आली नाही. त्या शांततेला गुरुभक्ती म्हणायचे असेल तर म्हणावे, पण ती जशीच्या तशी उचलून न्यू जर्सीतल्या करारावर चालणाऱ्या धंद्यात आणून ठेवू नये.

आणि तिसरी गोष्ट मी भाऊजींसमोर जेवणाच्या ताटावर बोलू शकले नसते. अमेरिकेतल्या जिम्नॅस्टिक्सने विचारू नका, विश्वास ठेवा, या सवयीची किंमत मोजलेली आहे. टेक्सासमधल्या ज्या करोली रँचवर राष्ट्रीय संघाची शिबिरे होत, तेथे पालकांना प्रवेशच नसे. मुलींचे लैंगिक शोषण करणाऱ्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरला, लॅरी नासरला, जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने ४० ते १७५ वर्षांची शिक्षा सुनावली, त्याआधी दीडशेहून अधिक स्त्रिया आणि मुली त्याच्यासमोर उभ्या राहून बोलल्या, आणि त्यांतल्या कित्येकींच्या सांगण्यात हेच होते की मोठ्या माणसांना सांगूनही कोणी ऐकले नाही. मुलीला लेव्हल चारमध्ये ठेवणे आणि तो गुन्हा यांची तुलना मी करत नाही, तशी कोणी करूही नये. मी एवढेच म्हणते की साधा प्रश्न विचारणाऱ्या पालकाला जी जिम उद्धट ठरवते, तिने तो काळ विसरलेला आहे.

आम्ही दुसऱ्या वर्षीच्या स्टेट मीटनंतर जिम बदलली. नव्या जिममध्ये तिची चाचणी झाली आणि प्रशिक्षिकेने एक कागद माझ्या हातात दिला: किपनंतर न थांबता कास्ट, खांदे पुरेसे उघडत नाहीत म्हणून रोज ब्रिज, बॅक हँडस्प्रिंगमध्ये (मागे उडी घेऊन हातांवरून पुन्हा पायांवर येताना) पाय जुळलेले हवेत, उंच बीमवर बॅक वॉकओव्हर कोणी हात न धरता, आणि टकची भीती. शेवटच्या ओळीपुढे तारीख नव्हती. ती म्हणाली की भीतीला तारीख देता येत नाही. तेथे ती लेव्हल पाचला गेली आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाचलाच राहिली, कारण गुण असूनही टक करताना ती मधूनच हवेत उघडत होती. मी एक शब्दही बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हते, कागदावरची ओळ अजून खोडली गेली नव्हती आणि हे मुलीलाही माहीत होते. जुन्या जिममधून खांदे पाडून गाडीत बसणारी तीच मुलगी आता घरी येऊन, आज टक तीन वेळा बंद राहिला, असे सांगत होती.

आता तुमच्यापुरते. प्रशिक्षकांकडे वेळ मागून भेटा; सराव संपल्यावर दारात गाठू नका, तेव्हा त्यांच्या डोक्यात पुढचा वर्ग असतो. तिला लेव्हल पाचला का नेत नाही, असे विचारू नका. त्याला एकंदरीत हेच उत्तर मिळेल. लेव्हल पाचसाठी तुमच्याकडे कोणती कौशल्ये कशा स्वरूपात लागतात, त्यांतली तिची कोणती राहिली आहेत, आणि या वर्षी ती लेव्हल चारची रुटीन करत असताना सरावातला किती वेळ त्या राहिलेल्या गोष्टींना मिळेल, असे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत महत्त्वाचे आहे. नेमके उत्तर मिळाले तर राहा आणि वर्षभर गप्प बसा. विश्वास ठेवा, एवढेच मिळाले तर दुसऱ्या जिमची चाचणी देऊन या. भाऊजींसारखा कोणी तुमच्या घरातही असेलच, त्याला सांगा की गुरूला जाब विचारणे वेगळे आणि अभ्यासक्रम विचारणे वेगळे.

एक्सेलविषयीही, म्हणजे या लेव्हलना समांतर चालणाऱ्या महासंघाच्या दुसऱ्या प्रोग्रामविषयीही, तुम्ही विचारले होते. एक्सेल म्हणजे नापासांचा वर्ग नव्हे, एवढे मी ठामपणे सांगते. ब्राँझपासून सफायरपर्यंत त्याचे स्वतःचे विभाग आहेत, मुलीला स्वतःचे रुटीन आणि फ्लोअरला स्वतःचे संगीत मिळते, आणि बहुतेक जिममध्ये तास आणि खर्च दोन्ही कमी असतात. पण पुढे लेव्हल नऊ-दहा डोळ्यांसमोर असेल तर हा रस्ता निवडण्याआधी त्याच जिममधल्या किती मुली एक्सेलमधून परत लेव्हलमध्ये आल्या हे विचारून घ्या.

शेवटी काही गोष्टी, ज्या मी आधी सांगायला हव्या होत्या. ३५ हे ३६ नव्हे. तुमच्या मुलीचे ते गुण कोणत्या साधनावर कमी झाले हे मला माहीत नाही, आणि बार्सवर साडेसात आणि बाकीकडे नऊच्या वर असे ते असतील तर तुमच्या जिमचे बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. आठ हे वय काहीच नाही. आंतरराष्ट्रीय सीनियर स्पर्धेसाठी वर्षात सोळा पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे घाई मुलीला नाही, आपल्याला असते. घरी बार आणून किप घोटवून घेऊ नका, चुकीची सवय मोडायला दुप्पट वेळ लागतो. आणि जिम सोडायचे ठरलेच तर आधी टीमचा करार काढून वाचा: महिनाभराची सूचना द्यावी लागते का, बूस्टर क्लबकडे (टीमचा खर्च सांभाळणाऱ्या पालकांच्या मंडळाकडे) भरलेले मीटचे पैसे परत मिळतात का, आणि हंगामाच्या मध्यात क्लब बदलण्यावर तुमच्या राज्यात काही बंधन आहे का. आमचे मीटचे पैसे गेले.