पॉलिहाऊसमधल्या लाल कोळ्यावर परभक्षी कोळी सोडून खरंच फायदा होतो का?

दादा, अर्धा एकर ढोबळी मिरची, दर पाच दिवसांनी फवारणी, औषधं बदलून बदलून थकलात तरी लाल कोळी हटेना. आणि परभक्षी, म्हणजे किडीलाच खाणारे कोळी सोडा म्हणतात ते खरं की परदेशातलं खूळ, असं तुम्ही विचारलंय. खरं आहे. पण तुमच्या प्लॉटमध्ये ते आजच सोडलेत तर चार-आठ दिवसांत मरतील आणि पैसे पाण्यात जातील.

कारण तुमची फवारणीच. लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी ही बारीक कीड, पानामागे, जाळीच्या आत राहतो. उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. प्रत्येक फवारणीतून वाचलेले पुढची पिढी घालतात आणि औषध बोथट होत जातं. त्याला खाणारे मात्र पहिल्याच फवारणीत संपतात. आम्ही एकदा फुलकिड्यांसाठी पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं. फुलकिडे कमी झाले, पण पंधरवड्याच्या आत शेंड्यापर्यंत जाळ्या चढल्या. तेव्हा मला वाटलं होतं औषध बनावट निघालं. तसं नव्हतं, आम्हीच राखणदार मारले होते.

परदेशातलं म्हणाल तर स्पेनच्या अल्मेरियात पीक तुमचंच आहे, ढोबळी मिरची. 2006 च्या शेवटी तिथल्या मिरचीत जर्मनीत आयसोफेनफॉस-मिथाईल या परवानगी नसलेल्या औषधाचे अंश सापडले आणि बाजार हादरला. पुढच्या दोन-तीन हंगामांत तिथल्या बहुतेक मिरचीवाल्यांनी फुलकिडे आणि पांढऱ्या माशीसाठी स्विर्स्की नावाचा परभक्षी कोळी सोडायला सुरुवात केली. तो मिरचीच्या फुलातल्या परागावरही जगतो, म्हणून कीड यायच्या आधीच सोडून ठेवता येतो. लाल कोळ्याच्या दाट जाळीत मात्र त्याचं फारसं चालत नाही.

लाल कोळ्यासाठी नावाजलेला परभक्षी म्हणजे पर्सिमिलिस. त्याची एक मादी दिवसाला वीसेक अंडी फस्त करते. पण तिशीच्या वर पारा आणि कोरडी हवा त्याला सोसत नाही, म्हणजे आपला मार्च-एप्रिल त्याच्यासाठी अवघडच. माझा भरवसा लाँजिस्पिनोसस या आपल्याच देशातल्या कोळ्यावर आहे. न फवारलेल्या एरंडाचं किंवा वांग्याचं पान उलटून दहापट भिंगाखाली धरा. लाल कोळी एका जागी रेंगाळत असतो. हा मात्र फिकट, चकचकीत, नासपतीसारख्या घाटाचा, आणि सतत धावत असतो. एकदा मी एका मादीला अंडं धरताना पाहिलं. पुढचे पाय टेकवून ती मिनिटभर स्थिर राहिली, गोल पारदर्शक अंड्याची सुरकुतलेली साल उरली आणि ती पुढच्या अंड्याकडे पळाली. त्या दिवसापासून हातात पंप घेण्याआधी मी भिंग घेतो.

आता तुमच्यासाठी. पायरेथ्रॉइड आणि अबामेक्टिन हे कोळीनाशक आजपासून बंद करा. पानांवरचे अंश उतरू द्या: अबामेक्टिनला दोन-तीन आठवडे पुरतात, पायरेथ्रॉइड मारलं असेल तर दोन-तीन महिनेही लागू शकतात. या काळात खालची भरलेली पानं काढून, पिशवीत बांधून बाहेर न्या आणि पानांच्या मागून नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा द्या. मग रोज सकाळी एक चक्कर. जिथे पानावर पांढरे ठिपके दिसतील त्या झाडाला रंगीत दोरी बांधा. सोडायचं ते त्या झाडांवर आणि शेजारच्या झाडांवर, संध्याकाळी. दहा किडींमागे एक परभक्षी हे ढोबळ प्रमाण धरा. फॉगर (पाण्याचं बारीक धुकं सोडणारी यंत्रणा) थोडा थोडा चालवून हवा ओलसर ठेवा, नाहीतर परभक्षीची अंडी सुकतात. शेंड्याला जाळी आल्यावर सोडाल तर उशीर झालेला असेल.

कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे परभक्षी कोळी कुठे मिळतील याची चौकशी करा. बाहेर देशातून मित्रकीटक आणायला केंद्र सरकारचा परवाना लागतो, त्यामुळे कुणी कुरिअरने विदेशी बाटली देतो म्हणाला तर घेऊ नका.

आणि सगळ्यात आधी एक बघून सांगा, शेंड्याच्या पानांच्या कडा वर वळल्यात की खाली? वर असतील तर फुलकिडे बघा. खाली वळून पान अरुंद आणि कडक झालं असेल तर तो बहुधा पिवळा कोळी आहे. तो भिंगाशिवाय दिसत नाही आणि जाळीही करत नाही. पानामागचा जवळून काढलेला फोटो टाका, मी बघतो.