जंपसीट कुणाची: आधी आलेल्याची, सीनिअरची की कॅप्टनची?

तुमच्या दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत, पण तुम्ही त्या एकाच रागात मांडल्यात. पहिली अशी की दुसऱ्या कंपनीचे पायलट म्हणून गेटवर तुम्ही आधी नाव दिलं होतं, तरी ऐनवेळी त्याच एअरलाइनचा पायलट आला आणि कॉकपिटची जंपसीट (क्रूच्या सीटखेरीजची जादा फोल्डिंग सीट) त्याला मिळाली. दुसरी, पुढच्या आठवड्यात सीट रिकामी असताना कॅप्टनने कारण न सांगता नाही म्हटलं. पहिल्या वेळी तुमच्यावर अन्याय झालेला नाही. दुसऱ्या वेळी बहुधा झालाय, पण त्याची दाद गेटवर लागत नाही.

तुम्ही अमेरिकेत उडता, म्हणून तिथलंच सांगतो. कॉकपिटमध्ये कोण येऊ शकतं हे एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियम १२१.५४७ मध्ये आहे. त्यात पात्र लोक दिलेत, रांग दिलेली नाही. एफएएचा इन्स्पेक्टर तपासणीला आला तर ऑब्झर्व्हर सीट, म्हणजे हीच जंपसीट, त्याची, तिथे कुणाची हुज्जत चालत नाही. बाकीची रांग कंपनीचं मॅन्युअल आणि युनियनचा करार मिळून ठरवतात. साधारणपणे चेक एअरमन (पायलटांची परीक्षा घेणारे), मग घरचे, म्हणजे त्याच कंपनीचे पायलट, मग तिच्यासाठी छोट्या मार्गांवर उडणाऱ्या रीजनल कंपन्यांचे, आणि शेवटी तुमच्या-माझ्यासारखे बाहेरचे. ‘आधी येईल त्याला’ हे बाहेरच्या-बाहेरच्यांत. घरचा माणूस कट-ऑफच्या आत आला की तुमचा नंबर मागे गेला.

खरी जुंपते ती घरच्या-घरच्यांत. काही कंपन्यांत सीनिऑरिटी चालते, काहींत चेक-इनची वेळ. ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर पहाटे उठून, दोन तास आधी येऊन बसतो आणि तीस वर्षं सर्व्हिस झालेला कॅप्टन कॉफीचा कप हातात घेऊन शेवटच्या क्षणी येतो. सीनिऑरिटी असेल तर सीट कॅप्टनची, आणि ज्युनिअर बाहेर बसून तिसऱ्या फ्लाइटची वाट बघतो. बेसपासून (ड्युटी जिथून सुरू होते त्या विमानतळापासून) लांब राहणाऱ्याला ड्युटीवर हजर व्हायची वेळ चुकली तर किती महागात पडतं हे ज्याने भोगलंय त्यालाच ही चिडचिड कळते. माझं मत विचाराल तर या एका बाबतीत चेक-इनची वेळ बरी. सीनिऑरिटीने बेस मिळतो, रजा मिळते, चांगल्या ट्रिप मिळतात. तिने फोल्डिंग सीटही घ्यावी हे जरा अतीच. पण कराराला तुम्ही मतदान केलं असेल तर तो पाळायचा.

आता कॅप्टनचा नकार. त्याच नियमात स्पष्ट आहे की सुरक्षिततेसाठी कुणालाही कॉकपिटबाहेर ठेवण्याचा कॅप्टनचा अधिकार यामुळे कमी होत नाही. हा अधिकार का हवा ते एकदा ७३७ मध्ये बसलात की कळतं. पहिली जंपसीट भिंतीतून ओढून दाराच्या वाटेतच उघडतात. बसलात की कॉकपिटचं दार तुमच्या पाठीला आणि दोन्ही पायलटांचे खांदे हाताच्या अंतरावर. ७ एप्रिल १९९४ ला फेडएक्सच्या ७०५ फ्लाइटवर जंपसीटने निघालेल्या त्यांच्याच कर्मचाऱ्याने हातोडीने क्रूवर हल्ला केला. जबर जखमी क्रूने विमान मेम्फिसला परत उतरवलं. २२ ऑक्टोबर २०२३ ला होरायझनच्या फ्लाइटमध्ये जंपसीटवरच्या ऑफ-ड्युटी पायलटने डोक्यावरच्या पॅनेलमधली इंजिनांची लाल फायर हँडलं ओढायचा प्रयत्न केला आणि विमान पोर्टलंडला वळवावं लागलं. दोघांकडेही ओळखपत्र होतं.

उलट उदाहरणही आहे. २८ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरच्या ७३७ मॅक्सचं नाक बालीहून निघाल्यावर सारखं खाली जात होतं, तेव्हा जंपसीटवरच्या तिसऱ्या पायलटची मदत झाली. विमान जकार्ताला पोचलं. दुसऱ्या दिवशी तेच विमान समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. त्या कॉकपिटमध्ये पायलट दोघेच होते.

म्हणजे अधिकार योग्यच आहे. पण तो सुरक्षिततेसाठी आहे, हिशेब चुकता करायला नाही. १९८३ चा कॉन्टिनेन्टलचा, १९८५ चा युनायटेडचा आणि १९८९ चा ईस्टर्नचा संप आठवणारे पायलट तुम्हाला भेटतील. संप फोडून उडणाऱ्यांच्या याद्या लोक पुढे कित्येक वर्षं बॅगेत बाळगत आणि यादीतल्या माणसाला जंपसीट नाकारणं हे कर्तव्य मानत. त्यांचा राग मला समजतो. पण एका बाजूने नाकारलं की दुसरी बाजू नाकारते, आणि मध्ये सापडतो तो संपाच्या वेळी शाळेत असलेला पोरगा. दोन कंपन्यांच्या विलीनीकरणात सीनिऑरिटी लिस्टवरून वाद पेटले की हेच होतं.

तुमच्या मिसेस केबिन क्रूमध्ये आहेत आणि त्यांना दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये का घेत नाहीत, असंही विचारलंत. २००१ नंतर कॉकपिटसाठी बाहेरच्या माणसाची नोकरी आणि ओळख गेटवर कॅस या सिस्टिममधून तपासतात, आणि ती पायलटांसाठी उभी केली आहे. केबिनमधली जंपसीट मात्र त्यांना स्वतःच्या कंपनीत मिळू शकते. ५० पेक्षा जास्त सीटच्या विमानात १०० सीटपर्यंत दोन आणि पुढे दर ५० सीटमागे किंवा त्याहून कमी उरलेल्या सीटमागे आणखी एक अटेंडंट लागतो, म्हणजे १७५ सीटला चार. त्यापेक्षा जास्त फोल्डिंग सीट असतील तर उरलेल्या. पट्टा तुटलेला असेल किंवा सीट आपोआप मिटत नसेल तर ती मोजायचीच नाही, त्यावरून पर्सरशी (केबिन क्रूच्या प्रमुखाशी) वाद घालू नका.

पुढच्या वेळी गेट एजंटने ‘वजन भरलंय, जंपसीट नाही’ म्हटलं तर तिथेच मागे फिरू नका. कॅप्टनपर्यंत निरोप पोचवा. बऱ्याचदा तो डिस्पॅचला (उड्डाणाचं नियोजन करणाऱ्या विभागाला) फोन करून आकडे पुन्हा काढून घेतो. पैसे भरलेला प्रवासी तुमच्यामुळे उतरणार असेल तर मात्र विषय संपला. आणि कॉकपिटच्या दारात ‘मला गेटवर सीट दिलीये’ असं म्हणू नका. ओळखपत्र, लायसन्स, मेडिकल हातात ठेवा आणि ‘कॅप्टन, येऊ का तुमच्याबरोबर?’ असं विचारा, केबिनमध्ये सीट मिळाली असली तरी.

त्या नकाराबद्दल युनियनच्या जंपसीट कमिटीला फ्लाइट नंबर, तारीख आणि गेट लिहून पाठवा. सोशल मीडियावर नाव टाकू नका. कमिटीतला माणूस समोरच्या कंपनीच्या कमिटीला फोन करतो आणि बहुतेक प्रकरणं त्या एका फोनवर मिटतात.