‘मग पेटीत कोण आहे?’

चि. लेकरा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. पहिलाच दफनविधी, तोही भर पावसात, तोही जेमतेम चाळिशीच्या माणसाचा, आणि खड्ड्यात घोटाभर पाणी. आपल्या काळ्या मातीत हे व्हायचंच. यापुढे खड्डा आदल्या रात्री खणू देऊ नकोस, आणि खणला तर वर ताडपत्री टाकायला सांग. दुसरं, एका डब्यात कोरडी माती जवळ ठेव. ‘मातीस माती’ म्हणताना चिखलाचा गोळा आधी हातातून सुटत नाही, आणि सुटला की पेटीवर धप्पकन वाजतो. घरच्यांच्या कानातून तो आवाज वर्षानुवर्षं जात नाही. हे सेमिनरीत कोणी शिकवत नाही.

पण तुझी झोप उडवली ती पावसाने नाही, त्या नऊ वर्षांच्या पोराने. त्याने विचारलं, ‘‘पप्पा आता कुठे आहेत?’’ तू म्हणालास, ‘‘वर, देवाजवळ.’’ त्यावर तो म्हणाला, ‘‘मग पेटीत कोण आहे?’’ आणि तू गप्प झालास. बरं झालं गप्प झालास. मी तुझ्या वयात असतो तर काहीतरी बोललो असतो.

बोललोच होतो. ऐक. मला पाळक होऊन दुसरंच वर्ष होतं. एका शिक्षकाचा अंत्यविधी होता. आठ महिने अंथरुणाला खिळून तो गेला. मी प्रवचनात जोरात सांगितलं, की शरीर हे नुसतं जुनं वस्त्र, ते टाकून आत्मा निघून गेला, रडता कशाला? विधी झाल्यावर त्याची बायको जवळ आली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणाली, ‘‘साहेब, आठ महिने मी ते जुनं वस्त्रच धूत-पुसत होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस वळवत होते. मला आत्म्याची ओळख नाही हो. मला त्यांचे हात माहीत आहेत.’’

घरी येऊन मी शास्त्र उघडलं, तेव्हा कळलं की त्या बाईचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. नुसतं बोलण्याच्या ढंगात नाही, सिद्धान्तात. जुन्या वस्त्राची उपमा गीतेची. गीतेत ती शोभते, कारण तिथला आत्मा अज आणि नित्य आहे, त्याला एक वस्त्र टाकून दुसरं घ्यायचं आहे. आपल्याकडे जीव निर्माण केलेला आहे, त्याला सुरुवात आहे. अमरत्व एकट्या देवालाच आहे, असं प्रेषित पौल आपल्या पत्रात तीमथ्याला लिहितो. आपल्याला जे मिळेल ते त्याने दिलं तर मिळेल. आपण मराठी ख्रिस्ती माणसं प्रभू येशूचं नाव घेतो, पण मरणाच्या दारात उभे राहिलो की तोंडातून बहुतेक वेळा गीता निघते, नाहीतर प्लेटो. दोन्ही थोर आहेत. पण आपण दर रविवारी प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कबुलीत, म्हणतो ते वेगळं आहे. तिथे ‘आत्म्याचं अमरत्व’ हा शब्दच नाही. ‘शरीराचं पुनरुत्थान’ आहे.

घोळ शब्दातच आहे. हिब्रूत ‘नेफेश’ म्हणून शब्द आहे. त्याचा एक अर्थ घसा, आणि त्यातूनच श्वास, भूक, तहान, जीव असं सगळं आलं. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो, आणि माणूस ‘जीवधारी’ होतो. नीट वाच. माणसाला नेफेश मिळाला असं तिथे नाही. माणूस नेफेश झाला, असं आहे. आत एक वस्तू आणि बाहेर डबा, असा हिशोबच नाही. मला तर वाटतं, या शब्दासाठी आपल्या मराठीइतकी सोयीची भाषा शोधून सापडायची नाही. जीव घशाशी येतो, जीव कासावीस होतो, जीव लावतो, जीव भांड्यात पडतो. यातला एकही जीव शरीर सोडून राहू शकत नाही. म्हणूनच स्तोत्रात ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ असं आहे ते इतकं सहज वाटतं. तिथे ‘आत्म्या’ घालून बघ, लगेच प्रवचन होतं.

नव्या करारात ग्रीक ‘प्सुखे’ आला की भाषांतरकारांची तारांबळ उडते. ‘सर्व जग मिळवले आणि आपल्या जिवाचा नाश करून घेतला’ इथे तो जीव आहे, आणि ‘शरीराचा घात करतात पण आत्म्याचा घात करू शकत नाहीत’ इथे तोच आत्मा आहे. मूळ शब्द एक. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र स्वतः मराठीत आणलं, ते याच धास्तीपोटी, की जड संस्कृत शब्द आला की त्याच्या मागून वेदान्त घरात येतो. 1921 मध्ये त्यांची मनोरमा गेली. एकुलती लेक. बाई भाषांतराचं काम करतच राहिल्या आणि 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. केडगावला छापून झालेलं पूर्ण पुस्तक 1924 चं. लेक गेल्यावर पुनरुत्थानाचे अध्याय त्यांनी कसे तपासले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आता तू म्हणशील, मग जीव आणि शरीर दोन्ही मेली, तर उरलं काय? इथे पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय घे, पण पाठ म्हणू नकोस, शेतात उभा राहून वाच. पौल बियाण्याची उपमा देतो. गहू म्हणतो, किंवा दुसरं कुठलं धान्य. तू शाळू धर. पेरलेला दाणा आणि वर आलेलं कणीस यांत दिसायला काही साम्य आहे का? पण ते कणीस त्याच दाण्याचं असतं, शेजारच्या पोत्यातल्या दुसऱ्या दाण्याचं नव्हे. ‘प्राणमय शरीर पेरलं जातं, आध्यात्मिक शरीर उठवलं जातं.’ आध्यात्मिक म्हणजे हवेचं नाही. उठलेल्या प्रभूने भाजलेला मासा मागून खाल्ला, किनाऱ्यावर विस्तव पेटवून शिष्यांना न्याहारी दिली, आणि त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते. वण गेले नव्हते, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. त्या बाईला मी पुढे एकदा एवढंच सांगितलं, की तुम्हाला ज्या हातांची ओळख आहे, देवालाही त्याच हातांची ओळख आहे. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर ईस्टरच्या पहाटेची कबरस्तानातली उपासना तिने एकदाही चुकवली नाही. नवऱ्याच्या दगडावरची धूळ ती पदराने पुसायची, मेणबत्ती नंतर.

तर शेवटची आशा ही. मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळाचं काय, हा खरा अवघड प्रश्न, आणि पोराने तोच विचारला. शास्त्र इथे दोन तोंडांनी बोलतं, हे आधी कबूल कर. थेस्सलनीकाकरांना पौल मेलेल्यांबद्दल लिहितो ते ‘झोपी गेलेले’ म्हणून. फिलिप्पैकरांना लिहितो, की मला इथून सुटून ख्रिस्ताजवळ असण्याची उत्कंठा आहे. वधस्तंभावरच्या चोराला प्रभू म्हणतो, ‘मी तुला खचीत सांगतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ यावर मेलेले पुनरुत्थानापर्यंत झोपलेलेच असतात असं मानणारे ॲडव्हेंटिस्ट बंधू सांगतील, की मूळ हस्तलिखितात स्वल्पविराम नव्हते. ‘आज’ हा ‘सांगतो’ला जोडा. व्याकरणाने जोडता येईल, पण ‘खचीत सांगतो’ला प्रभू इतर कुठे ‘आज’ जोडत नाही, म्हणून मला पटत नाही. धर्मसुधारक कॅल्व्हिनने तर तरुणपणी पहिलं धर्मशास्त्रीय पुस्तक लिहिलं ते या झोपेच्या मताविरुद्धच. आपलं मंडळ त्याच्या बाजूचं. मी मात्र प्रवचनात यावर दोन वाक्यांहून जास्त कधी बोललो नाही. आपल्या लोकांनी एक शब्द घडवलाय, त्यात सगळं येतं: ख्रिस्तवासी. कैलासवासी, पैगंबरवासी यांच्या चालीवर आलेला, पण चपखल. कुठे आहे, जागा आहे की झोपलेला, यातलं काहीच तो शब्द सांगत नाही. कोणाजवळ आहे, एवढंच सांगतो.

मृताच्या सासरचे वसईकडचे कॅथोलिक लोक आले होते, त्यांनी त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे त्यांची चर्चमधली उपासना, ठेवायचं म्हटलं आणि तू ‘आपल्या प्रोटेस्टंटांत चालत नाही’ असं तोडून टाकलंस, हे वाचून वाईट वाटलं. कॅथोलिक शुद्धिस्थान मानतात. देवाच्या कृपेत मेलेला माणूस त्याच्यासमोर उभा राहण्याआधी तिथे शुद्ध होतो, आणि आपल्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो. त्यांच्या शास्त्रात मकाबींचं दुसरं पुस्तक आहे, त्यात यहूदा मकाबीने लढाईत पडलेल्यांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवल्याची गोष्ट येते. आपल्या बायबलात ते पुस्तक नाही. 1517 मध्ये लूथर उठला तो मुख्यतः दंडमाफीच्या चिठ्ठ्या विकण्यावर, आणि ते बरोबरच झालं. पण त्या रागात आपण एवढे पुढे गेलो, की मेलेल्याचं नाव प्रार्थनेत घ्यायलाही भितो. ते लोक 2 नोव्हेंबरला कबरीवर जातात, नावं घेतात. आपण पेटी पुरली की फॉर्म भरतो. शुद्धिस्थान मी मानत नाही, पण या बाबतीत ते आपल्याहून माणुसकीने वागतात. त्या सासूबाईंना फोन कर.

राखेचा प्रश्न आज ना उद्या येईलच. करोनात आपल्या मंडळीतल्या एका घराला वडिलांचं दहन करावं लागलं. मोठा मुलगा माझ्याकडे डबी घेऊन आला. राख धातूच्या डबीत होती, झाकणाला चिकटपट्टी. म्हणाला, ‘‘आता हे उठणार कशातून?’’ मी त्याला ल्योंची गोष्ट सांगितली. इसवी सन 177 मध्ये, आजच्या फ्रान्समधल्या त्या गावी ख्रिस्ती लोकांना मारलं, त्यांचे देह जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली, मुद्दाम, पुनरुत्थानाची आशाच बुडवावी म्हणून. मंडळीने त्यांना हुतात्मे म्हणून लक्षात ठेवलं. ज्याने पहिल्यांदा मातीपासून केलं, त्याला राखेची काय अडचण? कॅथोलिक मंडळीने 1963 मध्ये दहनाला परवानगी दिली. राख मात्र उधळू नये, पवित्र जागी ठेवावी, असं त्यांचं 2016 चं सांगणं आहे. आम्ही ती डबी त्याच्या आईच्या कबरीत ठेवली.

नरकाबद्दल तू तीन पानं लिहिलीस. मी तीन ओळी लिहितो. नरक शास्त्रात आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त प्रभूच बोलला आहे, म्हणून तो पुसून टाकता येत नाही. सगळेच शेवटी देवाकडे परत येतील अशी आशा ओरिगेन या जुन्या धर्मपंडिताने धरली, आणि पुढे 553 च्या सुमारास त्या मताला दोषी ठरवलं गेलं. पण कोण तिथे आहे, याची यादी मंडळीने आजवर एकदाही काढलेली नाही. संतांची मात्र काढली. तूही काढू नकोस.

हे लिहितोय ते एवढ्यासाठी, की एक दिवस कोणीतरी विचारेल, ‘माझी आजी ख्रिस्ती नव्हती, ती कुठे आहे?’ आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरात दोन-तीन पिढ्यांमागे तुळस होती, कोणाची पणजी वारी करायची. माझीही करायची. मिशनरी पुस्तकं एक उत्तर देतात, व्हॅटिकनच्या 1964 च्या दस्तऐवजात जरा दार उघडं ठेवलेलं आहे. माझं विचारशील तर मी अब्राहामाच्या मागे उभा राहतो. देव सदोम शहराचा नाश करणार होता, तेव्हा त्याने त्या शहरासाठी घासाघीस करताना देवालाच विचारलं होतं, की सर्व जगाच्या न्यायाधीशाने योग्य न्याय करू नये काय? तो प्रश्न देवाला आवडला असावा, कारण तो उठून गेला नाही, दहा नीतिमान माणसं सापडली तरी शहर वाचवीन, इथपर्यंत खाली आला. पणजीचं नाव मी प्रार्थनेत घेतो. कोणाला सांगत नाही, तुला सांगितलं.

आता त्या पोराचं. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरीपाशी प्रभूला ठाऊक होतं की पाच मिनिटांत हा बाहेर येणार आहे. तरी ‘येशू रडला.’ उत्तर जवळ असूनही आधी रडला. म्हणून या आठवड्यात त्या घरी जा, प्रवचन घेऊन जाऊ नकोस. पोरगा बोलला नाही तर त्याच्या बरोबर बस, गोट्या खेळत असेल तर खेळ. आणि त्याने पुन्हा विचारलं, विचारेलच, की पेटीत कोण आहे, तर सांग: ‘‘तुझे पप्पाच आहेत. त्यांचे हात, त्यांचे पाय, त्यांची मिशी. देवाने ते टाकून दिलेले नाहीत. आणि पप्पांना त्याने स्वतःजवळही ठेवलंय. दोन्ही कसं, ते मलाही नीट कळत नाही.’’ नऊ वर्षांच्या मुलाला ‘मला कळत नाही’ हे उत्तर चालतं. मोठ्यांनाच चालत नाही.

छत्री घेऊन जा. आणि खड्डा खणणाऱ्यांचे पैसे राहिले असतील तर ते आधी दे.

तुझा,
गुरुजी